पंधरा दिवसांत उत्तर

जिन्यावर सेफ्टी बुटांचा आवाज आला की मी टाइपरायटरचं कव्हर काढायची आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावायची. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होऊन त्या गृहस्थांना दोन वर्षं झाली होती, पण पुढे लोखंडी वाटी असलेले ते काळे बूट काही सुटले नव्हते. टेरिकॉटची पँट, पांढरा बुशशर्ट आणि खाली भट्टीसमोर ड्यूटीला निघाल्यासारखे बूट. जन्मात कधी भट्टीसमोर उभे राहिले नव्हते. सारी नोकरी तक्रार विभागात, टेबलामागे गेली. "पायावर कवा काय पडन, सांगता येत नाई," असं म्हणायचे. आमच्या दवाखान्यात पायावर पडण्यासारखा एक टाइपरायटरच होता, आणि तो एखाद्या दिवशी मीच त्यांच्या पायावर टाकीन अशी मला धास्ती होती.

दवाखाना म्हणजे सिविक सेंटरच्या मागच्या अंगाला, एका दुकानाच्या वर, एका संस्थेने घेतलेल्या दोन खोल्या. बाहेरच्या गॅलरीत बाकं. लोक त्याला डोक्याचा दवाखाना म्हणत आणि खाली ओळखीचं कोणी नाही ना, हे बघून मगच जिना चढत. बुधवारी आणि शनिवारी रायपूरहून डॉक्टर यायचे. बाकी सगळी मी. नाव लिहिणारी मी, टाइप करणारी मी, माठ भरणारीही मीच. दहा वर्षं ते केलं, आणि आता बोटं सकाळी वळत नाहीत तेव्हा त्या दहा वर्षांचीच आठवण होते. त्या टाइपरायटरचा 'ळ' मोडलेला होता, तो मी पेनने काढायची. अशा ठिकाणी हे गृहस्थ फुकट काम करायला आले. फुकट काम करणारा माणूस पगारी माणसाला किती दमवतो, ते ज्याचं त्याला ठाऊक.

आल्या आल्या त्यांनी अभिप्रायाची वही मागितली. संस्थेने ठेवलेली वही होती, पेशंटच्या घरच्यांनी लिहायची. 'व्यवस्था चांगली आहे.' 'डॉक्टर देवमाणूस आहेत.' त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत ती वाचली, मधे चहाही घेतला नाही. मग मिटून माझ्याकडे सरकवली.

"ही तं कौतुकाची वही झाली, बाई. याच्यात एकाबी लेकराची सही नाई."

"लहान मुलं काय अभिप्राय देणार?" मी म्हटलं.

"औषध कोन खाते?"

"मुलं."

"मंग?"

दुसऱ्या दिवशी घरून एक स्टीलचा डबा घेऊन आले. मला वाटलं पोळीभाजी असेल. त्यात रबरी शिक्के, शाईचं पॅड आणि पावतीपुस्तक होतं. 'आवक', 'जावक', 'तक्रार प्राप्त'. प्लांटमध्ये कामगाराने तक्रार दिली की त्याला पावती मिळायची, पावतीवर नंबर, आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर. त्यांनी तीच पद्धत जशीच्या तशी आमच्या पोरांना लावली. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मुलाला मोठ्या माणसांशिवाय आतल्या खोलीत बसवायचं, कोरा कागद द्यायचा, आणि इथे काय चुकतं ते लिही म्हणून सांगायचं. लिहिता येत नसेल तर ते सांगेल तसं मी उतरवायचं. मग शिक्का, मग पावती. पोरं त्यांना पावतीकाका म्हणायला लागली.

'नोंद झाली' हा त्यांचा होकार होता आणि नकारही. पंखा बंद करा म्हटलं तरी नोंद झाली, आणि पंखा सुरूच. तोंडी तक्रार म्हणजे हवा, असं त्यांचं ठाम मत. त्यांची बायको एकदा हळदीकुंकवाला भेटली तेव्हा म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय म्हनले का मी म्हनते, लेखी द्या." ती हसली, पण ते हसणं पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं होतं.

मात्र एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ज्या पोरांचे सख्खे आईबाप सोबत असत, त्यांचा कागद ते जाता जाता घेत. जी पोरं मामाकडे, काकाकडे, मावशीकडे असत, किंवा दत्तक घेतलेली असत, त्यांच्यासाठी मात्र ते तासतासभर बसत. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, मध्य प्रदेशच होता, आणि भिलाईत क्वार्टर आणि शाळा दोन्ही मिळत, म्हणून भंडारा-गोंदियाकडच्या नातेवाइकांची पोरं आमच्याकडे दर दोन-चार घरांआड एक असायचीच. कोणी शिकायला ठेवलेलं, कोणी कागद करून घेतलेलं. मी एकदा विचारलं, यांच्यावरच एवढा वेळ का?

"पोटचं पोट्टं तोंड वर करून बोलते. म्हनते, नाई जात मी त्या डॉक्टरकडं. ठेवलेलं पोट्टं नाई म्हनत. त्याले वाटते, जास्त बोललो तं परत पाठवतीन. म्हनून ते चांगलंच सांगते. त्याचं चांगलं ऐकून डॉक्टर गोळी वाढवते."

मला उगाच शंका आली की हा माणूस स्वतः कोणाच्या तरी दारात वाढला असेल. तसं विचारलंही. ते म्हणाले, "नाई. माही आई सख्खीच होती. तिले बी कोनी काई विचारलं नाई." आणि शिक्क्यावर फुंकर मारली.

ते खोटं बोलत नव्हते, हे कागदांवरून कळायचं. एका पोराने लिहिलं होतं, 'गोळीने शाळेत झोप येते, पण मामी म्हणते आता शांत झाला, म्हणून सांगत नाही.' दुसऱ्याने लिहिलं, 'मी येतो त्या दिवशी काकाची ड्यूटी बुडते म्हणून मी डॉक्टरला बरा झालो सांगितलं. झालो नाही.' एका चिमुरडीने फक्त एवढंच सांगितलं, की बाकावर बसलं तर पाय जमिनीला लागत नाहीत आणि मग पोटात भीती वाटते. तिच्यासाठी त्यांनी स्वतः एक पाट आणून बाकाखाली ठेवला आणि जावक नंबर टाकून तिला उत्तर दिलं, 'पाट ठेवला आहे.' मी ते टाइप केलं. तीन शब्दांसाठी कार्बन लावून दोन प्रती.

शनिवारी ओपीडी संपली की हे सगळे कागद ते डॉक्टरांना वाचून दाखवत, बूट जुळवून उभे राहून. डॉक्टर भले होते, पण त्यांची पाचची गाडी असे. एकदा वैतागून म्हणाले, "बाबूजी, ये ओपीडी है, यूनियन ऑफिस नहीं."

"यूनियन होती तो नारे लगते, साहब. यहाँ तो सिर्फ़ कागज़ है. आप अगला सुनिए."

डॉक्टर पुढचा ऐकत. त्यांची पाचची गाडी चुकायची, माझ्या घरी भाजी व्हायची नाही, आणि हे मात्र डबा उचलून ताजेतवाने घरी जायचे. आज ते नाहीत. दवाखानाही बंद पडला, खोल्यांत आता कापडाचं दुकान आहे. मला त्यांचा राग यायचा हे मी लपवत नाही. पण एका शुक्रवारची जी गोष्ट आहे, तिच्यात त्यांच्याइतकीच मीही आहे, म्हणून ती नीट सांगते.

सेक्टर दहाच्या बाजूला राहणारा एक क्रेन ऑपरेटर आणि त्याची बायको एका मुलीला घेऊन आमच्याकडे यायचे. मुलगी अकरा-बारा वर्षांची. ती मुळात त्या बाईच्या बहिणीची, तुमसरजवळच्या खेड्यातली. बहिणीला पाच मुली, हिला एकही नाही. सहाव्या वर्षी आणलेली. पुढे प्लांटच्या मेडिकल बुकात, म्हणजे फुकट औषधपाण्याच्या पुस्तकात, नाव घालायचं म्हणून रीतसर दत्तकपत्र झालं, आणि त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी तिला सांगितलं, आता मावशी नाही म्हणायचं, आई म्हणायचं. मुलीने हट्ट केला नाही, रडली नाही. तिने घरात बोलणंच बंद केलं. शाळेत बोलायची, मैत्रिणींशी बोलायची. घरी खुणा करायची.

डॉक्टरांनी उपाय सांगितला, तो मीच कार्डावर लिहिला होता. रोज सकाळ-संध्याकाळ मावशीसमोर उभं राहून दहा वेळा आई म्हणायचं. सवय लागेल. ते महिन्यातून एकदा येत, आणि तीन महिने हा उपाय चालू होता. मुलगी ओठ हलवायची, आवाज येत नसे.

तिने कागदावर लिहिलं. हिंदी शाळेतली मुलगी, मराठी लिहायची तर बोलते तशीच लिहायची. 'मले डॉक्टरने आई म्हनायले लावू नये. माझी आई गावाले हाय. ही मावशी हाय. मावशी चांगली हाय. मले तिले मावशीच म्हनायचं हाय. ते दहा वेळा म्हननं बंद करा, मग मी बोलीन.' शिक्का बसला. पावती मिळाली. पावती तिने घडी करून कंपासपेटीत ठेवली.

शनिवारी त्यांनी ते वाचलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बंद कर दीजिए. गलती मेरी है." उत्तराचा मसुदा तिथेच तयार झाला.

आता यात एक पेच होता. बाकीची पोरं आठवड्या-पंधरवड्याने येत, तेव्हा उत्तर त्यांच्या हातात देता यायचं. ही यायची महिन्याने, आणि नियम पंधरा दिवसांचा. शुक्रवारी चौदावा दिवस होता. त्यांनी मला उत्तर टाइप करायला सांगितलं, पत्ता घालायला सांगितला आणि टपालात टाकायचं म्हणाले. मी टाइप करत होते. 'आपल्या तक्रारीचा विचार करण्यात आला. यापुढे आपणास मावशीला आई म्हणण्याचा आग्रह धरला जाणार नाही.' हे पत्र त्या क्वार्टरमध्ये कोण उघडणार, हे मला त्याच क्षणी कळलं. बोटं थांबली होती, हे मला आजही आठवतं. पण पाच वाजले होते, घरी सासूबाई तापाने पडल्या होत्या, आणि एक शब्द बोलले असते तर नियमावर अर्धा तास ऐकावं लागलं असतं. मी पाकीट चिकटवून दिलं.

बुधवारी तो क्रेन ऑपरेटर पत्र घेऊन आला. एकटाच. ओरडला नाही, तेच जास्त वाईट वाटलं.

"माह्या बायकोले वाचता येत नाई," तो म्हणाला. "पोस्टमननं दिलं तं तिनं पाकीट मले देलं. सरकारी कागद हाय म्हनून मी मोठ्यानं वाचलं. ती भाकरी थापून राहिली होती. सहा वर्षं झाली पोरगी आनून. दोन दिवस बायको जेवली नाई."

पावतीकाका उभे राहिले. "चूक माही हाय."

"चुकीची बी पावती देता का?"

तो माणूस पत्र टेबलावर ठेवून म्हणाला, "परीक्षा झाली का तिले गावाले नेऊन सोडतो. तिची आई तिथंच हाय नं, तं तिथंच राहू द्या. आता इथं बी नाई आनत." आणि जिना उतरून गेला.

ज्याची पावतीकाकांना सगळ्यात जास्त भीती होती तेच झालं होतं. पोराने तोंड उघडलं आणि पोर परत चाललं होतं. दुपारभर ते बाकावर बसून होते. डबा उघडला नाही. मग मला म्हणाले, "बाई, चला माह्यासंग. घरात बाईमानूस बोलते तं बरं."

मला जायचं नव्हतं. पण गेले.

क्वार्टर दोन खोल्यांचं, अंगणात शेवग्याचं झाड. नवरा बाजेवर बसला होता. बाईने पाणी आणून दिलं, आमच्याकडे न बघता. चेहरा असा, की पाहुण्यांसाठी पाणी भरण्यापुरतीच ती उरली होती. मुलगी आतल्या दारात भिंतीला टेकून उभी. मी काहीतरी बोलायचं म्हणून परीक्षा कधी आहे विचारलं.

मला वाटलं, आता हे माफी मागतील, हात जोडतील. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि मुलीसमोर धरला.

"माह्याविरुद्ध तक्रार दे," ते म्हणाले. "मी जे केलं ते चूक हाय. ते लिही."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. नवरा उठलाच. "अजून कागद? एवढं करून बी अजून कागदच देता का तुमी?"

तेव्हा ती बाई बोलली. स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून, अगदी हळू.

"लिहू द्या तिले. सहा वर्षं मी विचारून राहिली, मनात काय हाय तुह्या. मले नाई सांगतलं. कागदाले सांगते तं कागदालेच सांगू द्या."

नवरा खाली बसला. मुलीने आतून पेन आणलं आणि जमिनीवर पालथी पडून लिहायला लागली. खूप वेळ लिहिलं. बाई चौकटीतून हलली नाही. कागदावर काय उमटतंय ते तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बघत होती. त्यांनी न वाचता कागदाची घडी केली, पॅड मांडीवर ठेवून शिक्का मारला, पावती फाडून मुलीला दिली आणि आम्ही निघालो.

शनिवारी ते नेहमीसारखे उभे राहून वाचू लागले. 'पावतीकाकाने कागद घरी पाठवला. मले विचारलं नाई. मावशीले असं पत्रानं सांगायचं नव्हतं. तिले कसं सांगू ते मले माहीत नव्हतं म्हनून मी तुमाले सांगतलं होतं. तुमी तिले रडवलं. आता ते मले पाठवून देतीन.' शेवटची ओळ त्यांना वाचता येईना. ती मी वाचली. डॉक्टरांनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग उत्तर लिहिणं सुरू झालं. तीन दिवस. पहिला मसुदा 'उपरोक्त विषयास अनुसरून' असा सुरू होत होता. दुसऱ्यात टपाल पाठवण्याचा नियम कोणता, त्याचा खुलासा होता. तिसऱ्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा. तो कागद मी मशीनमधून ओढून काढला आणि म्हटलं, "तुम्ही तक्रार विभागाला उत्तर देताय का मुलीला? तिला कळेल असं लिहा." मग इतके दिवस दाबून ठेवलेलं तेही मी बोलले. "आणि ऐका. टाइप करतानाच मला कळलं होतं, हे घरी जायला नको. बोलले नाही. दमले होते."

त्यांनी तो कागद उचलून घडी करून खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग दोघायच्या सह्या लागतीन," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी, महिन्याच्या ठरल्या दिवशी, मुलगी आली. नवऱ्याने आणणार नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून बाई तिला एकटी घेऊन आली होती, ऑटोने, ऑटोवाल्याला खुणा सांगत सांगत. दोघी बाकावर बसल्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. ते पाकीट घेऊन बाहेर आले. पाकिटावर पत्ता नव्हता, फक्त मुलीचं नाव.

"हे तुह्या तक्रारीचं उत्तर हाय," ते तिला म्हणाले. "कोनाच्या हाती देऊ?"

मुलीने पाकिटावरचं आपलं नाव वाचलं. मग म्हणाली, "मावशीच्या हाती द्या."

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. जरा घोगरा होता.

"तिले वाचता येत नाई," मुलगी म्हणाली. "मी वाचून दाखवीन."

बाईने पाकीट घेतलं. फोडताना तिच्या हाताने कागदाचा कोपरा फाटला. तिने कागद मुलीसमोर धरला, आणि मुलगी मधली जागा सरकून जवळ आली. बोट ठेवून वाचायला लागली.

"'आमची चूक झाली. तुझ्या मनातलं तुला न विचारता आम्ही घरी पाठवलं. तुझ्या मावशीला त्रास झाला, त्याबद्दल तिचीही माफी मागतो. पुढे काहीही कोणाला सांगायचं असेल तर आधी तुला विचारू.' खाली दोन सह्या हायेत. एक काकाची. एक टाइप करनाऱ्या बाईची."

मी काउंटरवर मान खाली घालून उगाच कार्डं लावत होते.

बाई गॅलरीतून खालचा रस्ता बघत बसली. पदराने तोंड पुसलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मुलीने पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता.

"सुट्टीत गावाले जाशीन तू," बाई म्हणाली. "आईले भेटून ये."

मुलीचं बोट कागदावर तसंच होतं. "आन मंग, मावशी?"

"मंग काय. जूनमंदी शाळा नाई का तुही?"